दुखतं तितं पट्टी

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड ऐन रंगात आला होता. हलगी कडाडत होती. दोन पैलवान आखाड्याच्या मधोमध येऊन एकमेकांच्या अंगाला माती लावणार, तेवढ्यात एक पोट सुटलेला, रुंद खांद्यांचा म्हातारा लाल फेटा सावरत आत शिरला. त्याने हात वर करून हलगी थांबवली, आपल्याच पैलवानाचं कोपर धरलं आणि समोरच्याला खड्या आवाजात सांगितलं, "ऐका हो पावनं! आमच्या पोराचा डावा खांदा पावसाळ्यात उतरला हुता. आजून पुरता बसल्याला न्हाय. तितं लई जोर देऊ नगा की!"

सगळा फड हसला. समोरचा पैलवान गोंधळून आपल्या वस्तादाकडे बघू लागला. ज्याचा खांदा असा चव्हाट्यावर आला होता, त्या पोराने मान खाली घातली ती कुस्ती हरेपर्यंत वर काढली नाही.

हे मल्लप्पा वस्ताद. मी त्यांना पाहिलं ते पहिल्यांदा असं. पुढे मला सोलापुरात एका डॉक्टरांकडे कंपाउंडरची नोकरी लागली आणि दवाखान्याच्या अगदी समोर त्यांचीच तालीम निघाली, त्यामुळे हा माणूस मला रोज सकाळ-संध्याकाळ बघावा लागला.

आता ज्यांचं पोट कुस्तीवर चालतं, त्यांच्यात दुखणं लपवायची रीत असते. कुणाचा गुडघा मुरगाळला, कुणाची पाठ धरली, हे तालमीच्या दाराबाहेर जाता कामा नये. समोरच्याला कळलं की तो नेमका तिथेच हात घालणार. वस्ताद मंडळी आपल्या पैलवानाचं दुखणं बायकोलाही सांगत नसत. मल्लप्पा वस्ताद ते भर फडात ओरडून सांगत. विचारलं, की एकच उत्तर यायचं, "दुखतं तितं पट्टी. बास. लपवालपवी न्हाय."

या सत्यवचनाचा परिणाम व्हायचा तोच होई. तालमीचे पैलवान धडाधड पडत. पण खरं सांगायचं तर त्यांच्या तालमीतलं पोर कधी हाड मोडून घरी आलं नाही. हे मात्र तेव्हा कुणाच्या लक्षात येत नव्हतं, माझ्याही नाही.

वस्तादांना माणसांची नावं आठवत नसत. दुखणी आठवत. रस्त्याने जाणाऱ्या कोष्ट्याला ते हाक मारत, "काय मनगट, बरं हाय का?" समोरच्या वाण्याला म्हणत, "खुबा, च्या पिऊन जावा की." मी दिवसभर खलावर वाकून औषधं घोटायचो, म्हणून मी 'पाठ' झालो. आमच्या डॉक्टरांचा अंगठा एकदा दाढ उपटताना लचकला होता. तेव्हापासून ते समोर 'दाक्तरसायेब' आणि मागे 'आंगठा' होते. मला वाटतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं.

आमचा धंदा समोरासमोर गुण्यागोविंदाने चाले. ज्याला ओरडायची लाज नव्हती तो हाड बसवून घ्यायला वस्तादांकडे जाई, ज्याला होती तो आमच्याकडे येई. त्यांचा मुख्य लेप हळद आणि अंड्याचा. पण वस्ताद पडले लिंगायत, अंड्याला शिवायचे नाहीत. मग अंडं फोडायला दाऊद नावाचा त्यांचा पट्टशिष्य बसे. दाऊद अंडं हळदीत कालवून लेप लावी आणि वस्ताद भिंतीकडे तोंड करून हुकूम सोडत, "वर. आजून वर. आरं, दुखतं तितं लाव की!" रोगी कळवळत असे, दाऊद हसत असे आणि वस्ताद भिंतीवरल्या मारुतीशी बोलत असल्यासारखे दिसत.

त्यांच्या भाचीला बघायला मंडळी आली, तेव्हाची गोष्ट तर सगळ्या पेठेला तोंडपाठ होती. पोहे झाले, मुलगी पसंत पडली, सुपारी फुटणार, तोच वस्ताद उठून म्हणाले, "पोरगी गुणाची हाय. पर ल्हानपनी हिचा घोटा मुरगाळला हुता. थंडीत दुखतो. आदीच सांगतो." आत बहिणीच्या हातून तांब्या पडल्याचा आवाज आला. बाहेर मुलाचा बाप खाकरला आणि म्हणाला, "आमच्याबी पोराचं कोपर सरळ हुईत न्हाय बगा." लग्न झालं. बहिणीने मात्र पुढे कितीतरी दिवस भावाशी अबोला धरला. वस्ताद मला येता-जाता सांगत, "पाठ, घोट्याचं आन् कोपराचं झ्याक जुळलं!"

ते चिडल्याचं मी एकदाच पाहिलं. एका हौशी पोराने जत्रेतून रंगीत पट्टी आणली आणि उगाच मिरवायला गुडघ्याला बांधून तालमीत आला. वस्तादांनी विचारलं, "काय झालं रं?" पोरगा म्हणाला, "काय न्हाय वस्ताद, झोकात दिसतंय." त्यांनी त्याच्या थोबाडीत दिली. "दुखत न्हाय आन् पट्टी? सोड आदी! सोड!" म्हणत ती पट्टी त्यांनी स्वतःच ओरबाडून काढली. इतक्याशा गोष्टीचा एवढा काय राग, असं मला वाटलं.

अंगावरच्या दुखण्यावरून हाक न मारता ते ज्यांना बोलावत, अशी तालमीतली माणसं दोनच. एक त्यांचा धाकटा भाऊ. त्याला ते 'तम्मा' म्हणत, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं, आणि तो त्यांना 'अण्णा'. तम्माचा उजवा पाय काठीसारखा ताठ होता, गुडघ्यात वाकतच नसे. तो दिवसभर तालमीच्या ओट्यावर पाय पसरून बसे आणि आखाड्याच्या हौदातली तांबडी माती चाळणीने चाळून बारीकसारीक खडे वेचून काढी. खडा राहिला तर पोरांची पाठ सोलते. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. रोज दिवेलागणीच्या आधी वस्ताद तेलाची वाटी घेऊन बसत आणि तो मेलेला पाय चोळत. मिलमध्ये पट्ट्यात सापडला असेल, असा मी आपला तर्क केला होता. विचारायचं धाडस झालं नाही.

दुसरा दाऊद. टांगेवाल्याचा पोर, मिसरूड फुटायच्या आधीपासून या तालमीत वाढलेला. त्याच्या अंगावर एकही दुखणं नव्हतं, म्हणून वस्ताद त्याला 'कोरा' म्हणत. "आमचा कोरा बगा," असं म्हणताना त्यांचा आवाज मऊ होई. बदामाची थंडाई आधी त्याला मिळे आणि मग उरली तर बाकीच्यांना. त्या पोराला उभ्या आयुष्यात काही मोडू द्यायचं नाही, ही एकच इच्छा त्या माणसाच्या मनात होती.

आणि नेमकी दाऊदची फासळी तडकली. जत्रेतल्या त्याच्या पहिल्या मोठ्या कुस्तीची दवंडी फिरली होती, समोर सांगलीकडचा नावाजलेला गडी होता, आणि सराव करताना दाऊद डाव्या कुशीवर पडला. वस्ताद स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "महिनाभर आखाड्याचं नाव काढायचं नाही. फासळी आत घुसली तर माझ्या हातात काही राहणार नाही." चिकटपट्ट्या मीच ओढून बसवल्या.

"आयकलंस न्हवं? खेळायचं न्हाय," वस्ताद म्हणाले.

"दवंडी झालीया, वस्ताद. आता बसलो तर मानसं म्हनतील, पळाला. तोंड कुटं दाखवू?"

"मग खेळ. पर मी सांगनार."

"नक्को वस्ताद, पाया पडतो. येवढ्या बारीला गप ऱ्हावा."

"दुखतं तितं पट्टी," वस्ताद म्हणाले. दाऊद उठून समोर तालमीत गेला, खुंटीवरचा आपला लंगोट काढला आणि वरच्या आळीतल्या दुसऱ्या तालमीत निघून गेला.

मलाही राहवलं नाही. मी जाऊन म्हणालो, "वस्ताद, एकदा गप्प बसलात तर काय बिघडेल? पोरगा हातचा गेला ना."

ते पायरीवर बसले होते. म्हणाले, "जाऊ द्या की, पाठ. साबूत जाऊ द्या."

कुस्तीच्या दिवशी ते माझ्या शेजारी बसले होते, प्रेक्षकांत, फेटा नीट बांधून. दाऊद आखाड्यात आला. त्याच्या उजव्या गुडघ्याला पांढरी शुभ्र पट्टी होती. चिकटपट्ट्या काढून टाकल्या होत्या. डाव मला चटकन कळला. समोरचा गडी पट्टी बघून गुडघ्यामागे लागणार आणि फासळी वाचणार. नवा वस्ताद हुशार आहे, असं मी मनात म्हटलं, आणि वस्तादांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता.

ते उठले आणि माणसं तुडवत धावले. गर्दी आवरणारे काठीवाले अंगावर गेले, पण ते आखाड्याच्या कडेपर्यंत पोचलेच. "पट्टी खोटी हाय!" ते ओरडले. "गुडघा धड हाय पोराचा! डावी फासळी तडकलीया! मिठी मारू नगा, पावनं! हात जोडतो, मिठी मारू नगा!"

आधी लोक हसले. मग शिव्या सुरू झाल्या. काठीवाल्यांनी त्यांना दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं, फेटा मातीत पडला. समोरचा गडी थोडा वेळ दाऊदच्या कुशीकडे बघत उभा राहिला. मग कुस्ती लागली. त्या माणसाने पुऱ्या कुस्तीत दाऊदच्या कमरेला मिठी म्हणून घातली नाही. शेवटी त्याने पट्टीचा गुडघाच धरला, पाय उचलला आणि दाऊदला पाठीवर अलगद ठेवलं.

दाऊद उठला, धड, चालता-बोलता. वस्ताद बाहेर फेटा झटकत उभे होते, तिथे आला आणि म्हणाला, "माज्यासाटी तुमी मेलात, वस्ताद."

वस्ताद त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते. छातीकडे बघत होते. "दम घे बगू," ते म्हणाले. "दुखतंय का रं, कोऱ्या?"

दाऊद थुंकला आणि निघून गेला. पुन्हा त्या गल्लीत त्याने पाऊल टाकलं नाही.

गावात बोललं गेलं की मल्लप्पाने आपल्याच चेल्याला विकलं. एकेक करून पोरं तालीम सोडून गेली. एक दिवस एक हमाल मनगट धरून विव्हळत आला, तर वस्ताद हळदीची वाटी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि अंडं तसंच पडलं होतं. ते फोडायला आता कुणी नव्हतं. मी हमालाला आमच्याकडे घेऊन आलो. मला वस्तादांची फार दया आली आणि रागही आला.

त्या रागातच मी संध्याकाळी ओट्यावर गेलो. वस्ताद आत होते. तम्मा माती चाळत होता. आता ती मळायला तालमीत कुणी नव्हतं, तरी चाळत होता. मी म्हणालो, "सगळं घालवलं बघा तुमच्या भावाने. एका पट्टीपायी."

तम्माने चाळणी खाली ठेवली. "आदीबी येका पट्टीपायीच गेलं हुतं," तो म्हणाला. "माजा ह्यो उजवा गुडघा दुखावल्याला हुता. मैदान तोंडावर. अण्णानं डाव्याला पट्टी बांदली, चांगल्या पायाला. म्हनला, समोरचा डाव्यावर झडप घालंल, तू उजवा मागं ठेव." त्याने चाळणीतला एक खडा वेचून बाहेर टाकला. "समोरचा गडी भला मानूस निगाला. त्यानं पट्टी बगितली आन् मनात म्हनला, पोराचा दुखरा पाय कशाला धरायचा? त्यानं उजवा धरला. पट काढला, पाय खेचला आन् पिळला. आवाज भाईरच्या मानसांनी आयकला. मागनं त्यो गडी माज्या उशाशी बसून ल्हान पोरागत रडला. म्हनला, 'मी पट्टीचा पाय टाळला की रं! देवाशपत टाळला!' अण्णा तितंच उबा हुता."

इतकी वर्षं या माणसाला मी वेडा समजलो होतो. परक्या पैलवानांपुढे हात जोडून तो पोरांची दुखणी सांगत होता, कारण समोरचाही भला असतो, हे त्याला फार महागात कळलं होतं.

तेवढ्यात वस्ताद तेलाची वाटी घेऊन बाहेर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बसा की, पाठ." आणि तम्माचा पाय मांडीवर घेऊन चोळू लागले, गुडघ्यापासून खाली, पुन्हा गुडघ्यापर्यंत वर.

"साकु, अण्णा," तम्मा म्हणाला. साकु म्हणजे पुरे. "किती चोळशील? आता दुखत न्हाय की त्यो पाय."

वस्तादांचा हात थांबला नाही. मान वर न करता ते म्हणाले, "तुला न्हाय रं, तम्मा. मला दुखतंय."