पर्णकुटी सोसायटीचा हुरडा

नगरपरिषदेचा नियम असा होता की कुठल्याही नव्या सोसायटीने आधी भटकून कंदमुळं गोळा करायची, मग शेती करायची, आणि शहर झाल्याची खात्री पटली की मगच फ्लॅटच्या किल्ल्या घ्यायच्या. पी हळद अन् हो गोरी, असं तिथे चालत नसे.

पर्णकुटी सोसायटीची चार मजली इमारत रंगरंगोटीसकट उभी होती आणि तिचे सभासद समोरच्या मोकळ्या जागेत ताडपत्र्यांखाली राहत होते. भटकंतीचा टप्पा त्यांनी बरा पार पाडला होता. बोरं, करवंदं, टेकडीवरच्या रानभाज्या, झालंच तर शेजारच्या मंगल कार्यालयामागे सापडेल ते. पाहणी अधिकारी हुपरीकर साहेबांनी त्यावर समाधान व्यक्त केलं होतं.

शैलजा पानवलकरांना मात्र स्वस्थता नव्हती. त्यांच्या नवऱ्याला, विनायकरावांना, दमा होता. उघड्यावरची थंडी आणि सामाईक शेकोटीचा धूर यांनी मिळून त्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता. पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीकडे बघत शैलजाबाई त्यांचा श्वास ऐकत बसायच्या. आणखी एक हिवाळा हा माणूस बाहेर काढणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

म्हणून ज्वारी पेरली तेव्हा सगळ्यांत जास्त जीव त्यांनी लावला. पीक पिकू द्यायचं, बियाणं राखायचं, साहेबांना दाखवायचं, एवढंच काम होतं. पण कणसं हिरवी, कोवळी भरली, त्यात थंडी पडली, आणि कोणीतरी म्हणालं, "शेंगदाण्याची चटणी आहे माझ्याकडे." तेवढं पुरलं. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली गेली, गूळ निघाला, कुठून तरी दहीही आलं. एकदा हुरडा सुरू झाला तो शेत संपेपर्यंत थांबला नाही. मराठी माणसापुढे कोवळी ज्वारी ठेवायची आणि धीर धर म्हणायचं, हा नियमच मुळी कोणा बाहेरच्याने केलेला असणार.

शैलजाबाईंनी आपली ओळ कापू दिली नाही. "माझ्या कणसांना काणीचा रोग पडलाय," त्यांनी सांगितलं. "तोंडात घालू नका, पोट बिघडेल." वर जुन्या साड्या गुंडाळल्या.

शेजारच्या ताडपत्रीतली मालन सोनटक्के हळहळली. दोघींनी भटकंतीत एकत्र कंद खणले होते. "शैले, तुझ्याच नशिबी रोग आला होय गं?" तिने आपल्या ताटलीतला हुरडा पुढे केला. "घे, माझ्यातला खा. भावजींनाबी दे." शैलजाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनी खाल्ला. कणसं पक्की वाळल्यावर दाणे मडक्यात भरून त्यांनी विनायकरावांच्या अंथरुणाखाली लपवले.

मग हुपरीकर साहेब आले.

"बियाणं दाखवा."

चेअरमन टिपणीसांनी घसा खाकरला. "हुरडा केला, साहेब."

"सगळ्याचा?"

"चटणी फार छान झाली होती."

साहेब रागावले नाहीत. पुष्कळ सोसायट्यांचं असंच होतं, म्हणाले. "मग पुन्हा कंदमुळांपासून. उद्यापासून भटकायला लागा."

ताडपत्रीखालून खोकल्याची उबळ आली आणि थांबेना. शैलजाबाई आत गेल्या, मडकं घेऊन आल्या आणि साहेबांपुढे ठेवलं. मालन नुसती बघत राहिली.

"हे सोसायटीचं?" साहेबांनी विचारलं.

"माझं."

"बाकीच्यांना माहीत होतं?"

"नाही. रोग पडला म्हणून सांगितलं होतं."

"त्यांनी खाऊ नये म्हणून?"

"हो."

साहेबांचा चेहरा उजळला. "अहो, मग शेतीचं कसलं घेऊन बसलात? हे शहरच झालं! धान्य एकाकडे, बाकीचे रिकामे, आणि वर एक खोटी गोष्ट, सगळ्यांनी मानलेली. आणखी काय लागतं?"

त्यांनी किल्ली काढून दिली. एकच.

"आणि आम्ही?" टिपणीसांनी विचारलं.

"शहराला बाहेर राहणारे लागतातच. तुम्ही बाईंच्या शेतावर राबा. पुढच्या पाहणीला बघू." हे सगळ्यांना रीतसर वाटलं.

विनायकराव आपल्या पलंगावर पडले आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपले. शैलजाबाईंच्या जिवात जीव आला, पण तो टिकला नाही. मडकं त्यांनी आधी कपाटात ठेवलं, मग माळ्यावर, मग पिठाच्या डब्यामागे. खाली शेकोटीभोवती बसलेले सगळे वरच बघताहेत, असं वाटून त्यांनी खिडकी लावून घेतली.

सकाळी दार वाजलं. मालन होती. चपला तिने खाली जिन्याशीच काढून ठेवल्या होत्या. तिला हाताला धरून आत घ्यावं, चहा करावा, असं शैलजाबाईंना फार वाटलं.

"बाई," मालन खाली बघत म्हणाली, "कामाला सुरुवात कुठून करायची?"

शैलजाबाईंनी दार थोडं लोटून घेतलं.

"भिंतीपासून," त्या म्हणाल्या. "उंच हवी."