आठ वाजेपर्यंत चिनी

मुलांनो,

मीराचं पत्र परवा पोचलं. चिनी भाषेचा वरचा अभ्यास करायला ती वर्षभर बीजिंगला जाणार आहे, आणि चिनीखेरीज दुसरी भाषा बोलणार नाही असं लिहून सही तिथं पहिल्याच दिवशी द्यावी लागते म्हणे. "आजी, असला वेडेपणा कधी ऐकला होतास का?" असं तिनं विचारलंय. ऐकला होता. भिंतीपलीकडेच राहत होता. त्याच्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं, ते आता लिहिते.

मी तेव्हा चौदा वर्षांची. धारवाडला, आताच्या सुभाष रोडमागच्या बोळात आमचं घर, आणि शेजारी गुंडोअण्णांचं. अण्णा शाळेत संस्कृत शिकवत. पण सकाळी सहा ते आठ ते फक्त चिनी बोलत. कोणाशीही. त्यांच्या आईला, म्हणजे अक्कांना, हे मुळीच पसंत नव्हतं. "चीनला जाऊन आला, आणि मला 'आई' म्हणायला आठचे टोले पडायची वाट बघतो!" असं त्या बोळभर सांगत.

दूधवाली बसव्वा मात्र खूश होती. वेळ कुठलीही असो, ती विचारणार, "ऊटा आतेन्री, अण्णा?" जेवण झालं का? अण्णा म्हणत, "छ्र ल मा?" चिनीतही त्याचा अर्थ हाच. दोघं रोज एकमेकांना एकच प्रश्न विचारत, उत्तर कोणीच देत नसे, आणि दोघांचंही समाधान होई.

आठनंतर अण्णा मराठी-कानडीत येत, पण "सूर चुकला!" हे पालुपद सुटत नसे. चिनीत शब्दाचा सूर हलला की अर्थ बदलतो, तेव्हा साऱ्या जगानं सूर सांभाळावा असं त्यांचं मत. मेथीवालीनं दारात आरोळी दिली की हे आतून, "सूर चुकला!" ती म्हणे, "भाजी बघा की हो, सूर काय शिजवणार?"

बुद्धाचे काही संस्कृत ग्रंथ आपल्याकडे हरवले आणि चिनी भाषांतरात तेवढे उरले. ते वाचायला अण्णा शिष्यवृत्तीवर पेकिंगच्या, म्हणजे मीराच्याच बीजिंगच्या, एका भाषाशाळेत गेले होते. तिथला नियम असा, की ज्याच्या तोंडून परका शब्द निघेल त्यानं सगळ्या वर्गाला चहा करून पाजायचा. ते ग्रंथ शेवटच्या वर्गात वाचायचे असत. अण्णा त्या वर्गाच्या दारात पोचले आणि वडील गेल्याची तार आली. निघताना म्हातारे मास्तर म्हणाले, "जागा ठेवतो. जीभ गंजू देऊ नका." वर्षश्राद्ध झालं की जाईन, असं अण्णा म्हणाले होते. मग अक्कांचे गुडघे धरले. मग पुढच्या वर्षी.

चहाचा नियम त्यांनी बोळालाही लावला होता. सहा ते आठमध्ये त्यांच्या तोंडून मराठी-कानडी काढली, तर सगळ्यांना चहा. मग काय विचारता! आमचे अप्पा वकील, कोर्टात अशिलाला गप्प बसवणारे, इथं कट्ट्यावर उभे राहून ओरडत, "गुंडोअण्णा, माकडं पापड घेऊन चालली!" अण्णा धावत येत, "कुठं? कुठं?" आणि जीभ चावत. पापड त्या दिवशी वाळत घातलेलेच नसत. आठ-दहा माणसं कट्ट्यावर जमत आणि अण्णा कपबशा घेऊन येत.

एकदा आईनं मला लवकर कढीलिंबाला त्यांच्याकडे धाडलं. सातही वाजले नव्हते, अप्पा अजून अंघोळीला होते. स्वयंपाकघरात चुलीवर दहा माणसांचं आधण उकळत होतं. कपबशा मांडलेल्या. अण्णांनी मला बघून ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं अप्पांनी नवी माकडं सोडली आणि अण्णा धावत गेले, "कुठं? कुठं?" मी घरी कोणाला काही बोलले नाही.

मग जपाननं चीनशी लढाई सुरू केली. अण्णांनी मास्तरांना घातलेलं पत्र शिक्के खाऊन परत आलं. त्या दिवसापासून सकाळची चिनी बंद. अप्पांनी माकडं सोडून पाहिली, शेवटी बिबट्याही सोडला. अण्णा आतून शांतपणे मराठीत म्हणाले, "असू दे, रावसाहेब." कट्टा रिकामा. अक्का दारात बसून म्हणाल्या, "आता सहा वाजताच 'आई' म्हणतो गं. ऐकवत नाही."

चौथ्या दिवशी साडेसहाला मी त्यांच्या दारात गेले. अण्णा मिटलेलं पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. भीत भीत मी म्हटलं, "छ्र ल मा?"

त्यांनी मान वर केली. मग एकदम म्हणाले, "सूर चुकला! पहिला सपाट. अजिबात हलवायचा नाही. म्हण पुन्हा!"

"अण्णा," मी म्हटलं, "मराठी बोललात."

अक्कांनी आतूनच हाक घातली, "वकीलसाहेब, या हो, चहा!" त्या दिवशी चहाला फार उशीर झाला. आधण ठेवलेलंच नव्हतं.

अण्णा पुन्हा पेकिंगला गेले नाहीत. अक्का गेल्या, मग तेही गेले. घर विकलं, कट्टा पाडला. माझ्याकडे ते एक वाक्य आहे, आणि त्यातला पहिला सूर अजून सपाट आहे.