मी आहे पिशव्यांपाशी

आगाशेकाकांनी अर्धं जग पायथ्यावरून पाहिलं आहे.

मी थट्टा करतोय असं वाटेल, म्हणून ग्रँड कॅन्यनचं सांगतो. आमचा शिकागोजवळच्या शॉमबर्गचा मराठी ग्रुप तिथे गेला होता. आम्ही सगळे कठड्याला लटकून "वॉव, वॉव" करत होतो आणि काका मागच्या बाकावर पार्किंग लॉटकडे तोंड करून बसले होते. शेजारी आमच्या सगळ्यांच्या पिशव्या. मी म्हटलं, "काका, निदान तोंड तरी इकडे करा!" तर म्हणाले, "जा रे तुम्ही. मी आहे पिशव्यांपाशी."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नायगाराला आम्ही प्लास्टिकचे रेनकोट घालून भिजलो, काका पिशव्यांपाशी. लिबर्टीच्या पुतळ्यात चढलो, काका पिशव्यांपाशी. आमच्यात बायका म्हणतात ना, "तुम्ही सगळे जाऊन या, मी बसते इथे", आणि एखाद्या झाडाखाली पर्स, स्वेटर आणि चिवड्याचा डबा कवटाळून बसतात? ती जागा आमच्या ग्रुपमध्ये काकांची होती. आणि ते काम ते असं करायचे की बँकेच्या लॉकरवाल्याने येऊन शिकावं. जड पिशव्या खाली, हलक्या वर. सगळ्यांचे पट्टे एकात एक ओवलेले. प्रत्येक पिशवीचं तोंड स्वतःकडे. "पिशवीचं तोंड रस्त्याकडे ठेवायचं नसतं," असं ते मला गंभीरपणे सांगायचे. परत आल्यावर कुणी घाईत भलतीच बॅग उचलली तर काका मनगट धरायचे. एकदा देशमुखने स्वतःचीच बॅग उचलली, तरी त्यांनी आधी आत काय आहे ते विचारून घेतलं.

तुम्ही म्हणाल, वय झालं, गुडघे गेले असतील. मुळीच नाही! काका माझ्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये एकटे राहायचे, तेव्हा त्यांचे गुडघे मला चांगले माहीत आहेत. हिवाळ्यात मी खिडकीतून बर्फाकडे बघत कॉफी पीत असायचो आणि हा पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस स्वतःचा ड्राइव्हवे साफ करून माझ्या ड्राइव्हवेकडे वळलेला असायचा. मी आतून हात हलवून "राहू द्या काका" म्हणायचो, तेही तितक्याच प्रेमाने हात हलवायचे आणि फावडं चालू ठेवायचे. मॉलमध्ये रोज वॉक घ्यायचे. जिना चढायचे, लिफ्ट वापरायचे नाहीत. यातली मजा अशी, की काकांनी सगळं आयुष्य एका लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून काढलं. शिकागोतली किती माणसं या गृहस्थाने वर पोचवली असतील, आणि स्वतः सगळीकडे तळमजल्यावर.

मला या गोष्टीचा राग यायचा. हो, रागच. माझा स्वभावच तसा आहे. कुणी पैसे भरून, विमानात अवघडून जगाच्या टोकाला जातो आणि तिथे जाऊन बघतच नाही, हे मला सहन होत नाही. स्वाती, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "तुझं काय जातं? त्यांना बसायला आवडतं." पण मी मनात धरलं होतं, की या माणसाला एकदा तरी वर न्यायचंच.

आणि घाई होती. काकांची मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावर, बॉथेलला असते. तिने तिकडे त्यांच्यासाठी बेसमेंट तयार करून घेतलं होतं. काका शॉमबर्गचं घर विकणार होते, बॉथेलला जाणार होते, म्हणजे आमच्याबरोबरची ही शेवटचीच ट्रिप.

ती ठरवायला आम्ही देशमुखच्या घरी जमलो. देशमुख आमचा ट्रिप कमिटीचा स्वयंघोषित अध्यक्ष. त्याने टीव्हीवर सँटोरिनीचे निळे-पांढरे फोटो लावले होते. कधी तोंड न उघडणारे काका एकदम म्हणाले, "शिरिंजे करू या."

"ते काय आहे?"

"तुर्कस्तानात. इझमीर आहे ना, त्याच्या खाली. डोंगराच्या उतारावर गाव आहे जुनं. ग्रीक लोकांनी बांधलेली घरं, दगडी गल्ल्या. मी जाऊन आलोय पूर्वी."

"वर काय बघायला आहे काका?"

"वर विशेष काही नाही."

"यार काका, मग कशाला जायचं?" देशमुख म्हणाला.

"बस जिथे थांबते ना, तिथे फार छान आहे," काका म्हणाले. "चिनाराचं मोठं झाड आहे. खाली दगडी कट्टा आहे. सावली असते."

देशमुखच्या घरात इतका हशा आजवर पिकला नसेल. पण काका हसले नाहीत. प्रत्येकाकडे बघत राहिले. ऑफिसात वर्षानुवर्षं रजा न मागितलेला माणूस एक दिवस रजा मागतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी होतं. आमचं हसू ओसरलं आणि देशमुखने निमूटपणे टीव्हीवर शिरिंजे शोधलं.

तर आम्ही गेलो. ग्रीसमधली चार देवळं करून, बोटीतून पलीकडे तुर्कस्तानात उतरून एका सकाळी आमची बस वळणं घेत त्या डोंगरात शिरली. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, पीचच्या बागा. मग एका वळणावर गाव दिसलं. पांढऱ्या भिंतींची, लाल कौलांची घरं एकमेकांच्या खांद्यावरून खाली डोकावत होती. आमची गाइड बाई माइकवर सांगत होती, की शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या ग्रीक लोकांना घरं सोडून जावं लागलं आणि ग्रीसमधून हाकललेले लोक इथे येऊन राहिले. काका ऐकत नव्हते. खिडकीला नाक लावून ते झाड शोधत होते.

झाड होतं. कट्टाही होता.

आणि तेवढ्यात गाइड बाईने माझ्या मनासारखी घोषणा केली. आज बस इथेच थांबणार, ड्रायव्हर आत बसणार, तेव्हा बॅगा सगळ्यांनी बसमध्येच ठेवाव्यात, वर चढायला सोपं जाईल. मला टाळी वाजवावीशी वाटली! आता पिशव्याच नाहीत म्हटल्यावर काका काय कारण सांगणार?

सगळे मोकळ्या हातांनी उतरले. काका कट्ट्यापाशी जाऊन उभे राहिले आणि सवयीने दोन्ही हात पुढे केले. त्या हातांत द्यायला कुणाकडे काही नव्हतं.

"चला काका, आज सुटका नाही," मी म्हटलं.

"नाही, तुम्ही जा. पिशव्या द्या."

"पिशव्या बसमध्ये आहेत. ड्रायव्हर आहे ना."

काकांनी बसकडे पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं. "देशमुख, तुझा कॅमेरा दे. जड असेल."

"काका, कॅमेरा तर वर लागणार ना!"

"मग कुणाचं जॅकेट? अरे, एखादी तरी वस्तू ठेवून जा रे," काका म्हणाले. "नुसतं कसं बसायचं?"

आवाज चेष्टेचा नव्हता. देशमुख उगाच बुटाची लेस बांधायला वाकला. मी पुढचा विनोद तयार ठेवला होता तो गिळला. स्वाती पलीकडच्या दुकानात गेली आणि ऑलिव्हच्या साबणाच्या वड्यांनी भरलेली एक कापडी पिशवी घेऊन आली. काकांच्या हातात देत म्हणाली, "काका, सांभाळाल? फार जड आहे, चढवणार नाही मला. येतेच मी."

काकांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पिशवी कट्ट्यावर ठेवली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि बसले. "जा ग. मी आहे."

सगळे गल्लीत वळले. मी चार पावलं गेलो आणि परतलो. का ते नीट सांगता येणार नाही. त्या एका पिशवीशेजारी ते फार एकटे दिसत होते, एवढंच. मी जाऊन पिशवीच्या दुसऱ्या बाजूला बसलो.

काकांनी कट्ट्याच्या दगडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "नलू इथेच बसली होती."

नलूकाकू म्हणजे काकांची बायको. आम्ही शॉमबर्गला राहायला आलो त्याच्या आधीच त्या गेल्या होत्या. मी त्यांना फक्त काकांच्या हॉलमधल्या फोटोत पाहिलं आहे.

"तिला उंचीचं फार भय," काका म्हणाले. "चढ दिसला की गरगरायचं. लिफ्टमध्येसुद्धा बसायची नाही. माझ्या कंपनीच्या लिफ्टमध्येही नाही, बोल! मग कुठे गेलो की ती म्हणायची, तुम्ही जाऊन या, मी आहे पिशव्यांपाशी. आणि मला तर सगळं बघायचं असायचं. मी आपला वर. खाली आलो की विचारायची, काय होतं वर? मी म्हणायचो, काही विशेष नाही ग. तिला वाटायला नको ना, की आपलं काही हुकलं. ग्रँड कॅन्यनला काय सांगितलं माहितीये? म्हटलं, मोठा खड्डा आहे, बाकी काही नाही."

ते हसले. मीही हसलो.

"इथे मी वर चर्च बघून आलो, तर ही हसत बसलेली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. शेजारी एक तुर्की बाई, तीही हसतेय. भाषा एकीची दुसरीला येत नाही. मी म्हटलं, चल, बस सुटेल. झालं. मग घरी गेल्यावर एकदा भांडी लावता लावता म्हणाली, 'अहो, तुम्ही वर होतात ना, तेव्हा खाली केवढी गंमत झाली!' मी टीव्ही बघत होतो. मी म्हटलं, हं."

काकांनी पिशवीचा पट्टा सरळ केला.

"कसली गंमत, ते विचारायचं राहिलं रे. मग वाटलं, एवढ्या ठिकाणी ती खाली बसली, तिने काहीतरी पाहिलंच असेल की. मी वरचं सगळं पाहिलंय. खालचं बघायचं राहिलंय."

मी म्हटलं, "पण काका, मग पिशव्या कशाला? नुसते बसा ना."

"नुसता बसलेला म्हातारा बघवत नाही कुणाला," काका म्हणाले. "येऊन विचारतात, आर यू ओके सर? पिशव्या असल्या की कुणी विचारत नाही. पिशव्या असल्या म्हणजे कुणीतरी परत यायचं असतं."

तेवढ्यात खालून पीचच्या पेट्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर आला आणि आमच्या बससमोर अडला. रस्ता अरुंद. आमचा ड्रायव्हर उतरला, ट्रॅक्टरवाला उतरला. दोघांनी हात नाचवत जे भांडण सुरू केलं, ते बघून मला वाटलं, आता पोलीस येणार. दुकानातल्या बाया बाहेर आल्या. प्रत्येकीने बाजू घेतली. एकीने ट्रॅक्टर मागे घ्यायला हाताने खुणा केल्या, दुसरीने बस. एक मांजर या गडबडीत पेट्यांवर चढून बसलं. ट्रॅक्टरवाला तावातावाने मागे वळला आणि पाय घसरून आपल्याच पीचच्या पेटीत बसला. मग सगळ्यात आधी कोण हसलं असेल? आमचा ड्रायव्हर. त्याने हात देऊन त्याला उठवलं, आणि मग ते दोघं चेपलेली पीच खात बसच्या पायरीवर बसले. रस्ता अडलेलाच. एका म्हातारीने येऊन आमच्या हातांतही एकेक पीच ठेवलं आणि काकांच्या दंडावर चापट मारून काहीतरी बोलली. काका हसता हसता डोळे पुसत होते.

"हीच का रे ती गंमत?" त्यांनी विचारलं.

"असेल काका," मी म्हटलं. "अशीच काहीतरी असणार."

तासाभराने मंडळी खाली आली. घामाघूम, फोटो काढून तृप्त. स्वाती सगळ्यात आधी आली. काकांनी पिशवी तिच्या हातात दिली आणि विचारलं, "काय होतं ग वर?"

स्वातीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने काकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही विशेष नाही काका. तुम्ही काही मिस नाही केलंत."

काका एकदम माझ्याकडे वळले. मी झाडाकडे बघू लागलो, कारण मला दुसरीकडे बघणं शक्य नव्हतं.

"पण तुम्ही सांगा ना," स्वाती म्हणाली, "खाली काय झालं?"

आणि काकांनी सांगितलं. बस हॉटेलला पोचेपर्यंत सांगत होते. मांजर कुठल्या बाजूने चढलं, कुठली बाई कुणाच्या बाजूची होती, पीच चवीला कसं होतं. देशमुखने मध्येच चर्चचे फोटो दाखवायचा प्रयत्न केला, पण त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

गेल्या महिन्यात काका बॉथेलला गेले. मी त्यांना एअरपोर्टला सोडलं. निघताना घराला कुलूप लावून ते माझ्या दारात आले. हातात एक जुनी निळी पिशवी होती.

"ही तुझ्याकडे राहू दे," म्हणाले.

"यात काय आहे काका? बॉथेलला पाठवू का?"

"नाही, नाही. पाठवू नकोस. इथेच ठेव."

मी पुढे काही विचारलं नाही. पिशवी आमच्या हॉलमध्ये दाराशेजारी आहे. व्हॅक्यूम करताना स्वाती ती उचलते आणि परत तिथेच ठेवते. आत काय आहे ते आम्ही पाहिलेलं नाही. तिचं तोंड मात्र आमच्याकडे वळवून ठेवलं आहे.