माझ्या हक्काची ऊब

नोव्हेंबर उजाडल्याशिवाय मी घर तापवणारा बॉयलर पेटवत नाही. पेटवणारही नाही. जन्मभर जर्मनीतल्या हाइलब्रॉनच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलंय मी. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, ती फक्त रूप किंवा जागा बदलते. हे ज्याला कळलंय, तो बॉयलरपुढे हात पसरत नाही!

माझ्या बायकोला, हेडविगला, हे पटत नाही. ऑक्टोबर सरत आला तशी ती ओव्हरकोट घालून जेवायला बसू लागली. एकदा तिने सूपचा चमचा खाली ठेवला.

"एकहार्ट, बॉयलर लाव. नाहीतर मी चालले उल्मला, बहिणीकडे. तिथे माणसं राहतात."

"अगं, माणूस म्हणजे चालताबोलता हीटरच. आपल्याकडे फक्त माणसं कमी पडतात."

"मग आण."

आणली! चर्चच्या गायनमंडळाला म्हटलं, शनिवारची तालीम माझ्या दिवाणखान्यात. हेडविगशी करार झाला: मंडळी जाताना घर उबदार असेल तर ती राहणार, नसेल तर बॅग भरलेली होतीच.

शनिवारी दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडक्या मी स्वतः घट्ट लावल्या. गाणारा माणूस नुसत्या बसलेल्यापेक्षा जास्त तापतो, म्हणून सगळ्यांत दमवणारं भजन घ्यायला लावलं. खर्जात गाणाऱ्या पुरुषांनी स्वेटर काढले. काचांवर वाफ धरली. हेडविगने कोटाचं एक बटण सोडलं, मग दुसरं. त्या घटकेला माझ्याइतका सुखी माणूस अख्ख्या जर्मनीत नसेल.

मग मध्यंतर झालं.

आता आम्हा जर्मनांकडे काचेवर वाफ दिसली की माणूस विचार करत बसत नाही. उठतो आणि खिडकी सताड उघडतो, बाहेर बर्फ पडत असला तरी. भाडेकरारातसुद्धा तसं लिहिलेलं असतं.

"भिंतींना बुरशी धरेल हो," मंडळाच्या प्रमुख क्नोडलरबाई म्हणाल्या. "चला, एकेकाने एकेक खोली घ्या."

मंडळी शिस्तीची. कोणी माडीवर गेलं, कोणी स्वयंपाकघरात, एकजण तर थेट माळ्यावर. घरातून आरपार वारा सुटला.

"बंद करा!" मी ओरडलो. "ती माझी ऊब आहे!"

"बघा, काहीतरीच बरळतायत," क्नोडलरबाई म्हणाल्या. "चेहरा केवढा लाल झालाय. गुदमरलेत बिचारे."

चौघांनी मला उचलून सोफ्यावर आडवं केलं, सोफा खिडकीखाली सरकवला आणि माझा स्वेटर काढला. ऊर्जा नष्ट होत नाही, हा उष्मागतिकीचा पहिला नियम मी त्यांना समजावून सांगू लागलो. तेव्हा त्यांनी पुढचं दारही उघडलं.

मंडळी गेली तेव्हा दिवाणखान्यात नेकार नदीवरचं वारं खेळत होतं. हेडविग बॅग घेऊन समोर उभी राहिली. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"काय रे, मोडला का तुझा नियम?"

"मुळीच नाही," मी दात वाजवत म्हणालो. "सगळी ऊब आहे तशीच आहे. फक्त बाहेर आहे."

"मग मीही कुठे नष्ट होतेय," ती म्हणाली. "फक्त जागा बदलतेय."

बॉयलर मी अजूनही लावलेला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. पण एक कबूल करायला हवं. इतकी वर्षं हा नियम शिकवला, तो एवढा अचूक समजलेली व्यक्ती मला आजवर एकच भेटली, आणि ती सध्या उल्मला गरम खोलीत बसली आहे.