इंजिनबंद सोमवार

आधीच सांगून ठेवतो, आमच्या नगरपालिकेचा हवामान बदलाचा आराखडा अख्खाच्या अख्खा मी लिहिला! दोन हजार आठ सालची गोष्ट. नऊ वर्षं मी तिथं रोजंदारीवर कारकून. नगराध्यक्ष हंबीरराव म्हणाले, "कृष्णात, जिल्ह्याच्या मॅडम खूश झाल्या की तू कायम झालास म्हणून समज!" मग काय, मी पृथ्वी थंड करायलाच बसलो.

पहिलंच कलम, दर सोमवारी गावात इंजिन बंद. दवंडीच पिटवली, "मोटरसायकल दिसली की जप्त!" उद्घाटनाला सायकल फेरी काढली. पुढं फेटा बांधलेले हंबीरराव, शेजारी जिल्ह्याहून आलेल्या वर्षाराणी मॅडम, मागं कॅरिअरला आराखडा लावून मी. गाव इतकं शांत की हंबीररावांची धापसुद्धा ऐकू येत होती. मॅडम म्हणाल्या, "छान!" मला तर कायम झाल्याचा कागद डोळ्यांपुढं दिसायला लागला. पण मॅडमना अकराला दुसरी बैठक होती, त्यामुळं माझं निम्मं लक्ष घड्याळात.

चौकात आलो आणि सगळ्यांचे ब्रेक लागले! साठेक म्हशी रस्त्यात फतकल मारून बसलेल्या. मधोमध गुंडू गवळी कपाळाला हात लावून उभा.

"उठीव की त्यास्नी!" मी ओरडलो.

"उठत न्हाईत! नदीवरनं धुऊन आणल्या, हितवर आल्या आन् बसल्या!"

"का?"

"का म्हंजे? रोज हितनं आपापल्या मालकाच्या गाडीमागनं घरला जात्यात. आज तुमीच गाड्या बंद केल्यासा की!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं दिवाळी पाडव्याला म्हशी पळवतात, त्या मालकाच्या मोटरसायकलमागं. सायलेन्सर काढलेल्या गाडीचा आवाज आला की म्हैस शेपूट वर करून सुटते. मग बारा महिने तिला तीच सवय. आराखडा लिहिताना मी ध्रुवावरच्या बर्फाचा विचार केला, म्हशीचा केलाच नाही!

शेपट्या पिरगाळून झाल्या, पेंड दाखवून झाली. हंबीररावांनी सायकलची घंटी वाजवली. म्हशी त्यांच्याकडं बघत रवंथ करत राहिल्या. पावणेअकरा झाले. मॅडमची चुळबूळ सुरू, माझी त्याच्या दुप्पट!

"माझी बुलेट आणा रं!" शेवटी हंबीरराव गरजले.

"साहेब, आज सोमवार..."

"तू गप!"

बुलेट आली, फटफटली. सात म्हशी उठल्या. बाकीच्या ढिम्म!

"त्या सात तुमच्याच हायत न्हवं," गुंडू म्हणाला. "बाकीच्यास्नी त्यांचा त्यांचा मालक लागतोय!"

मग एकेक मालक गाडी घेऊन आला. निम्म्यांनी तर सायलेन्सर काढूनच गाड्या आणल्या! चौकात धूर, फटफट, शिट्ट्या. कुणीतरी पाडवा समजून हलगी आणली. म्हशी उधळल्या! मॅडमची सायकल गटारात, मॅडम पानपट्टीच्या कट्ट्यावर.

सगळ्या गेल्या. एकच म्हैस बसून राहिली. कुणाच्याच गाडीला दाद देईना.

"ही कुणाची रं?" हंबीररावांनी विचारलं.

आता काय सांगू, माझीच! गुपचूप घरी गेलो, लुना आणली, खाली मान घालून सुरू केली. म्हैस लगेच उठली!

मॅडमनी नाकावरचा पदर काढला. "हा आराखडा लिहिला कुणी?"

मी लुनावरूनच मोठ्या आशेनं हंबीररावांकडं बघितलं.

"ह्यो व्हय?" हंबीरराव म्हणाले. "ह्यो आमचा माणूस न्हाई, मॅडम. टेंपरवारी हाय!"