शनिवारचा धूर

"बाबा, आज विशेष भाग आहे हं!" सुनेने टीव्हीसमोरची खुर्ची सासऱ्यांसाठी, म्हणजे धूरकाकांसाठी, पुसून ठेवली; काका मात्र दाराशीच घुटमळले.

तरुणपणी काका टीव्हीवरच्या एका गाण्यांच्या कार्यक्रमात धूर सोडायच्या कामाला होते. कढत पाण्याच्या पिंपात सुक्या बर्फाची टोपली उतरवली की पांढरा धूर गायकांच्या पायांशी लोळू लागे. हल्ली एका चॅनेलने ते जुने भाग दर शनिवारी पुन्हा दाखवायला घेतल्यापासून काकांचा भाव भलताच वधारला होता. केसांचे ते डोंगर, ते चकाकते कोट पाहून शेजारीपाजारी हळहळायचे, "असं आता काही होत नाही!" काका मात्र पडद्याच्या तळाशी बोट दाखवायचे. "तो धूर बघा. माझा आहे."

नोकरी का सोडली असं कुणी विचारलं, तर "डोळे चुरचुरायचे" हे उत्तर ठरलेलं. खरं म्हणजे त्यांना हाकललं होतं, आणि ज्या गाण्यापायी हाकललं तेच आज लागणार होतं. जाहिरातीत त्या गायिकेचे सोनेरी बूट काकांनी बरोबर ओळखले होते. सून माहेरी फोनवर "आमचे बाबा कलाकार आहेत" असं सांगायची. तिच्यासमोर आपली शोभा होणार, या विचाराने काकांना घास गेला नव्हता.

"जरा पाय मोकळे करून येतो," म्हणत ते जिन्यात गेले. तिथल्या केबलच्या पेटीत वायरींचं जंजाळ होतं. त्यातली एक आपल्या घराची समजून त्यांनी डोळे मिटून ओढली आणि साळसूदपणे परत आले.

घरातला टीव्ही मजेत चालू होता. एवढ्यात दारावरची बेल वाजली.

"तुमचा चालू आहे? नशीब!" खालचे मास्तर आत शिरले. "आमचा आत्ताच गेला."

"आमचाही!" वरची नर्स आपल्या सासूला हाताला धरून आली. "अहो, तुमची वायर वेगळी म्हणून वाचलात, बाकी अख्ख्या इमारतीचे गेलेत!"

बघता बघता खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. सुनेने सतरंजी अंथरली.

"अहो, एवढा घाम कसला?" काकूंनी विचारलं.

"गर्दीचा."

गाणं सुरू झालं. त्या दिवशी काका या बाईकडे आ वासून बघत राहिले होते आणि त्या नादात एका टोपलीऐवजी अख्खं खोकंच त्यांनी पिंपात रिकामं केलं होतं. कार्यक्रम थेट दाखवला जायचा, त्यामुळे झाकायची सोयच नव्हती.

"बाबा, आज धूर गुडघ्यापर्यंत आलाय!" सून ओरडली.

मग ड्रमवाला गेला. गिटारवाला गेला. शेवटी गायिकाही धुरात गडप झाली. काकांनी डोळे घट्ट मिटले. यापुढचं त्यांनी तेव्हाही पाहिलं नव्हतं, कारण दिग्दर्शक त्यांची कॉलर धरून त्यांना बाहेर काढत होता.

पण खोलीत कुणी हसेना. काकांनी हळूच एक डोळा उघडला.

पडदा पांढराशुभ्र झाला होता. एकमेकांना दिसेनासे झालेले वादक एकेक करून थांबले होते. उरला होता फक्त तिचा आवाज, जराही न डगमगता त्या पांढऱ्यातून येणारा. मग धुरातून एक हात बाहेर आला. वाट चाचपडत ती थेट कॅमेऱ्यापाशी आली, पापण्या फडफडवल्या आणि हसून तिने पुढची ओळ उचलली.

मास्तर नकळत उभे राहिले होते. नर्सची सासू पदराने डोळे टिपत होती. "अंगावर काटा आला," सून पुटपुटली.

काकांना आता कॉलर आठवेना, दिग्दर्शक आठवेना, वायरही आठवेना. आपण इतकं सुंदर काही कधी पाहिलंच नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

"काय धूर सोडलाय पठ्ठ्याने!" ते भारावून म्हणाले. "कोण होता हो तो?"

सगळी खोली मागे वळून त्यांच्याकडे बघू लागली.