लटक्या डोंगराच्या खिळलेल्या कडांची हकीकत

श्री धरित्रीमाता समर्थ. जिच्या पाठीवर नांदावे आणि जिच्या पोटात शिरोन दिवे लावावे, तिने कूस बदलताना लेकरांस सांभाळावे, ऐसे मागणे मागोन हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात मोठा पेच पडला. राज्याचे नाव सांगावयाचे कारण नाही. जेथे वीज जाते आणि रयत अंधारात बसोन सरकारचा उद्धार करिते, ऐसे कोणतेही राज्य समजावे. त्या राज्याने डोंगर पोखरोन पोटात दालन खोदिले होते, आत देऊळ कळसासकट उभे राहील इतके उंच, आणि त्यात पाण्याने चक्रे फिरवोन वीज करावी ऐसा बेत होता. खोदकाम तडीस गेले, चक्रेही येवोन पडली, आणि मग दरबारात शंका निघाली की या मुलखावर भूकंपाची स्वारी वरचेवर होते, तेव्हा दालनाचे छत टिकेल काय? मुख्य अभियंते राजश्री गंगाधरपंत आगटे यांनी तो प्रश्न हिशेबाच्या दफ्तराकडे धाडिला.

त्या दफ्तराच्या मुख्य इंदुमतीबाई धुपकर. बाईंचा चहा कडक आणि बोलणे त्याहून कडक. त्यांचे काम ऐसे की संगणकात लटका डोंगर उभारावा, त्यात लटके दालन कोरावे, मग खालोन लटका भूकंप सोडावा आणि काय पडते ते पाहावे. खऱ्या डोंगरास आधी विचारावयाची सोय नाही, म्हणोन ही युक्ती. बाईंनी भूकंप सोडिला आणि छत कोसळले. पुन्हा सोडिला, पुन्हा कोसळले. बाईंनी तैसेच कळविले, आणि पंतांनी कपाळास हात लाविला आणि हुकूम दिला की दालन काँक्रीट ओतोन बुजवावे. ही वार्ता ऐकोन दालनाचे मुकादम सदोबा वाघचौरे तडक बाईंकडे आले आणि उभ्या उभ्याच बोलिले, "बाई, या हाताची दोन बोटं त्या दगडात गेली माझी. बुजवायचं तर बुजवा, माझं काही म्हणणं नाही. पण छत खरंच पडतंय का, तेवढं छातीवर हात ठेवून सांगा. पडत असेल तर माझी माणसं आत्ताच्या आत्ता वर काढतो." बाईंनी छातीवर हात ठेविला नाही. "माणसं वर काढा, आणि मला चार दिवस द्या," इतकेच म्हणाल्या.

मग बाई लटक्या भूकंपाची चित्रे सावकाश, एकेक करोन पाहो लागल्या. तो काय नवल! भूकंपाची लाट आली, छत थरथरले, दोनचार ठिकाणी कुरकुरले, परंतु उभे राहिले. आणि लाट निघोन गेल्यावर डावीकडोन दुसरी लाट चालोन आली आणि तिने छत पाडिले. बाई खुर्चीतोन उठल्या. "अगं बाई, ही फौज कुणाची? आपण तर एकच धाडली होती!" मग बाईंनी डोंगर दुप्पट रुंद केला, आणि दुसरी लाट आलीच, पण उशिराने आली. तेव्हा बाईंच्या ध्यानी सर्व प्रकार आला. दफ्तराची जुनी रीत ऐसी की लटका डोंगर बेताचाच कापावा, म्हणजे संगणक दमत नाही, आणि त्याच्या कडा खिळोन टाकाव्या, म्हणजे डोंगर घसरत नाही. नुसते दगडाचे वजन तोलावयाचे होते तोवर ही रीत चोख होती. पुढे त्याच डोंगरात भूकंप सोडो लागले, परंतु खिळे काढावयाचे कोणास सुचले नाही, आणि लाट त्या खिळलेल्या कडेवर आपटोन माघारी फिरो लागली. बाईंस हसूही आले आणि संतापही आला. मग त्यांनी खिळे उपटिले आणि आलेली लाट पिवोन टाकतील ऐशा मऊ कडा बसविल्या आणि भूकंप पुन्हा सोडिला, आणि दालन उभे राहिले. परंतु छतात जेथे दोन भेगा एकमेकींस छेदितात, तेथे एक दगडी पाचर खाली सरकली. पाचरीची गोष्ट बाईंनी झाकोन ठेविली नाही.

पंत ऐकोन भडकले. "मागल्या आठवड्यात पडतंय म्हणालात, आज उभं राहतंय म्हणता. मी दरबाराला काय सांगू? बाईंचं मन पालटलं?"

"घंगाळातलं पाणी हलवा, पंत, ते काठाला आपटून परत येतं. समुद्रातलं येईल का? आम्ही डोंगराचं घंगाळ केलं होतं. चूक माझ्या दफ्तराची, ती मी पदरात घेते. पण दालन उभं राहणार. फक्त ती पाचर लांब पोलादी सळयांनी मागच्या धड खडकाला शिवून घ्या."

"आणि शिवल्यावर तुम्ही बसाल तिच्याखाली?"

"बसेन की! टेबल तिथंच टाका."

मग सदोबांनी आपली माणसे घेवोन सळया ठोकिल्या, आणि बाईंचे टेबल पाचरीखाली पडिले, आणि चक्रे बसो लागली. पुढे फाल्गुनात, संवत्सर सरता सरता, जेवणाची सुट्टी होवोन मंडळी डबे उघडीत होती, तो खालोन गुरगुर आली आणि खरी स्वारी चालोन आली. दिवे झुलले, डबे उलटले, छतावरोन धुरळा झडला, आणि पुरुषांच्या तोंडचे पाणी पळाले. बाई टेबल धरोन पाचरीकडे पाहत होत्या. सळया करकरल्या आणि राहिल्या. मग हादरा थांबला, आणि मंडळींनी सुटलो म्हणोन गलका केला, परंतु बाई हलल्या नाहीत. त्यांची नजर डाव्या भिंतीवर होती. लटक्या डोंगरात नेमकी याच घडीस ती दुसरी लाट येत असे. बाईंस तेव्हा भय वाटले, खरोखरीचे भय, की आपण चुकलो असलो तर ही सारी माणसे आपल्या शब्दावर येथे बसली आहेत. भिंत तशीच राहिली. उलटलेल्या डब्याचे झाकण फरशीवर गरगरत होते, तेही निजले.

सदोबांनी हळूच विचारिले, "बाई, गेला का?"

"गेला," बाई म्हणाल्या, आणि टेबलावरचा हात आता कोठे सुटला. "खऱ्या डोंगराला कडा नसतात, सदोबा. भूकंपाला निघून जायला वाट होती."

येणेप्रमाणे भूकंपाची स्वारी आली आणि पुढल्या मुलखास निघोन गेली, छत राहिले, माणसे राहिली, आणि वर्षप्रतिपदेस दिवे लागले. दफ्तरात खिळे ठोकावयाची रीत त्या दिवसापासोन बंद जाहली. बाईंचे टेबल मात्र पाचरीखालीच आहे. पंतांनी वर हलवा म्हणोन दोनदा सांगितले, परंतु बाई तेथोन उठल्या नाहीत.